मशीन दहा हजार ल्युमेनचं, तरी पडदा मंद: दिव्याआधी लेन्स तपासा

जानेवारी उजाडला की सोलापुरात पडदे लागायला सुरुवात होते. १२ तारखेचा हुतात्मा दिन, संक्रांतीच्या आगेमागे सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावरचा गड्डा, मग शाळा-कॉलेजांची गॅदरिंग आणि उरलेल्या तारखांना लग्नं. त्याबरोबर प्रोजेक्टरबद्दल (आपल्याकडे त्याला 'मशीन'च म्हणतात) एक ठरलेला फोनही मला येऊ लागतो: "अण्णा, मशीन दहा हजार ल्युमेनचं आणलंय, पण पडद्यावर दमच नाही. दिवा गेला का?"

दिवा क्वचितच गेलेला असतो. मोठ्या सभागृहात, मंगल कार्यालयात किंवा मंडपात चित्र मंद दिसतं तेव्हा बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं. उजेड गेलेला असतो लेन्समध्ये. एकतर त्या जागेला चुकीची लेन्स लावलेली असते, नाहीतर लेन्स बरोबर असून झूम चुकीच्या टोकाला ताणलेला असतो. आपल्याकडे मशीन भाड्याने घेताना ल्युमेन, म्हणजे मशीनचा एकूण उजेड, विचारले जातात, लेन्स कोणती हे कुणी विचारत नाही. मशीनसोबत जी आली ती लावायची, चित्र पडद्यावर बसेपर्यंत झूम फिरवायचा, झालं. मग आयोजक ओरडतात, मशीनवाला दुसरं मशीन आणतो, तीच लेन्स त्याच्यावर चढवतो आणि चित्र पुन्हा तितकंच मंद. दोन मशीनचं भाडं जातं, दुखणं जागच्या जागी राहतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

लांबून मारलं म्हणून उजेड मरत नाही

"मशीन लांब आहे, म्हणून उजेड कमी पोचतो" हे वाक्य मी मंडपवाल्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे. मशीन मागे नेलं आणि झूम तसाच ठेवला तर चित्र मोठं होतं, तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि पडदा मंद होतो. पण चित्राचा आकार तोच ठेवला, समजा १६ बाय ९ फूट, तर मशीन ३० फुटांवर असो की ८० फुटांवर, लेन्समधून बाहेर पडलेला जवळपास सगळा प्रकाश त्याच १४४ चौरस फुटांवर पडतो. हवेत धूळ नसेल आणि नवरा-नवरीच्या एन्ट्रीला धूर सोडलेला नसेल, तर मधल्या अंतरात काही हरवत नाही.

हरवतो तो लेन्सच्या आत. लांबून तेवढंच चित्र पाडायचं तर लेन्स टेलीकडे, म्हणजे झूमच्या चित्र लहान करणाऱ्या टोकाकडे, न्यावी लागते, आणि बहुतेक झूम लेन्सचं तोंड टेलीकडे जाताना प्रकाशासाठी अरुंद होत जातं. टाकी भरलेली आहे, पण तोटी अर्धीच उघडली आहे, असा प्रकार. मशीनच्या खोक्यावर छापलेला ल्युमेनचा आकडा बहुतेक कंपन्या ठरावीक लेन्स लावून, झूम वाइडला, म्हणजे चित्र मोठं करणाऱ्या टोकाला, ठेवून मोजतात. तुम्ही वेगळी लेन्स लावली किंवा झूम दुसऱ्या टोकाला नेला की तो आकडा तुमच्या पडद्याला लागू होत नाही.

लेन्सच्या पुढच्या कड्यावर किंवा माहितीपत्रकात 'एफ' आणि त्यापुढे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १.७–२.३. पहिला वाइडचा, दुसरा टेलीचा. आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि हा हिशोब वर्गाने चालतो. १.७ चा वर्ग २.८९, २.३ चा ५.२९. म्हणजे कागदावर टेलीला वाइडच्या निम्म्याहून थोडाच जास्त प्रकाश उरतो. प्रत्यक्षात इतकं नुकसान सहसा होत नाही, कारण मशीनच्या आतून येणारा प्रकाशाचा झोतच मर्यादित रुंदीचा असतो आणि वाइडला लेन्सचं पूर्ण तोंड त्याला लागत नाही. तरी २० ते ३० टक्के घट अगदी नेहमीची आहे. तीन चिपच्या (चिप म्हणजे चित्र घडवणारा आतला तुकडा) मोठ्या डीएलपी, म्हणजे सूक्ष्म आरशांच्या, मशीनच्या बऱ्याच लेन्समध्ये एफ आकडा सगळ्या झूमवर एकच, २.५ च्या आसपास असतो. तिथे झूममुळे फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे भाड्याने फिरणारी मशीनं मात्र बहुतेक त्या जातीची नसतात.

आधी मोजा, मग बोला

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. अंधारात २०–२५ टक्के घट डोळ्याला धड जाणवत नाही आणि उजेडात तीच घट चित्र पार धुऊन टाकते. फोनमधलं लक्सचं, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजणारं, ॲपही नको. प्रत्येक फोनचा सेन्सर वेगळा आणि तो तुमच्या हाताच्या सावलीतच काम करतो. साधा लक्स मीटर घ्या, फार महाग नसतो. फक्त सेन्सर वेगळ्या वायरवर असलेला घ्या, म्हणजे तो बांबूला बांधून पडद्याच्या वरच्या ओळीपर्यंत नेता येतो आणि शिडी लावून चढायची वेळ येत नाही.

मशीन सुरू करून १५–२० मिनिटं तापू द्या. पिक्चर मोड सगळ्यात उजळ ठेवा. 'सिनेमा' मोडवर मोजून कुणाशी भांडू नका. पूर्ण पांढरा टेस्ट पॅटर्न लावा. पडदा मनातल्या मनात तीन बाय तीन अशा नऊ खणांत वाटा आणि प्रत्येक खणाच्या मधोमध, पडद्याला चिकटवून, सेन्सरचं तोंड मशीनकडे करून आकडा लिहून घ्या. मग मशीनचं शटर बंद करून त्याच जागांवर पुन्हा मोजा. हा हॉलच्या ट्यूब आणि झुंबरांचा उजेड. तो पहिल्या आकड्यातून वजा करा, नऊची सरासरी काढा आणि पडद्याच्या चौरस मीटरने गुणा. चौरस फुटांना १०.७६ ने भागलं की चौरस मीटर येतात. येणारा आकडा म्हणजे तुमच्या पडद्यावर खरोखर पोचणारे ल्युमेन.

१६ बाय ९ फुटांचा पडदा म्हणजे सुमारे १३.४ चौरस मीटर. दहा हजार ल्युमेनचं मशीन असेल आणि त्याची चिप १६:१० ची असेल, तर १६:९ चं चित्र लावताना वर-खाली मिळून १० टक्के पट्टी वाया जाते. उरले ९,०००. पडद्यावर साधारण ६७० लक्स यायला हवेत. कॉलेजवाले अजून जुन्या ४:३ च्या स्लाइड आणतात, त्यात चिपचा सहावा भाग वाया जातो, तोही लक्षात ठेवा. आता लेन्सने ३० टक्के खाल्ले तर ६७० चे ४७० होतात. आणखी १०–१५ टक्के इकडेतिकडे गेले की तुम्ही ४०० वर आलात.

४०० कमी आहे का? ते हॉलवर अवलंबून आहे. सिनेमागृहाचं प्रमाण ४८ कँडेला प्रति चौरस मीटर (पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाचं माप) आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर ते जेमतेम १५० लक्सना मिळतं, पण तिथे काळोख असतो. आपल्या कार्यालयात स्टेजवरच्या दिव्यांमुळे पडद्यावर १०० लक्स आधीच पडलेले असतात. त्या उजेडात काळा रंग १०० लक्सचाच दिसतो, पांढरा ५०० चा. म्हणजे काँट्रास्ट ५ ला १. दृकश्राव्य क्षेत्रातल्या अविक्सा या संघटनेच्या प्रमाणात नुसतं बसून बघण्यासाठी किमान ७ ला १ लागतो, मजकूर वाचून निर्णय घ्यायचा असेल तर १५ ला १, आणि चित्रपटासारख्या व्हिडिओला ८० ला १. लेन्सने काही खाल्लं नसतं तर ६७० अधिक १०० भागिले १००, म्हणजे ७.७ ला १. जेमतेम पास. लेन्समुळे तुम्ही पासाचे नापास होता, ते इथे.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. तेच ४०० लक्स ठेवून पडद्यावर पडणारे स्टेजचे दिवे कमी केले आणि १०० चे ३० केले, तर काँट्रास्ट १४ च्या वर जातो. पडद्यासमोरच्या दोन ट्यूब बंद करायला पैसे लागत नाहीत. तेव्हा पहिलं काम ते. पण व्हिडिओ शूटिंगवाला दिवे कमी करू देत नाही, वधूपक्षाला झगमगाट हवा असतो, आणि शेवटी प्रश्न पुन्हा मशीनकडे येतो. म्हणून लेन्स.

बाल्कनीतलं मशीन

विजापूर रोडवरच्या एका कार्यालयातला किस्सा सांगतो. कार्यालयाचं नाव महत्त्वाचं नाही, कारण ही मांडणी शहरात ठिकठिकाणी दिसते. पडदा १६ फूट रुंद, मशीन मागे बाल्कनीत, काचेच्या केबिनमध्ये. लेन्सच्या पुढच्या काचेपासून पडद्यापर्यंत लेझर टेपने मोजलं तर ७२ फूट. ७२ भागिले १६, म्हणजे साडेचार. याला थ्रो रेशो म्हणतात: अंतर भागिले चित्राची रुंदी. लक्षात घ्या, रुंदी, तिरका कर्ण नव्हे. टीव्हीच्या सवयीने लोक कर्ण सांगतात आणि मग पुण्याहून लेन्स चुकीची येते.

मशीनवर २.५ ते ४.६ ची लेन्स होती. म्हणजे साडेचार त्यात बसत होतं, पण शेवटच्या टोकाला. रिमोटवर झूमचं बटण दाबलं तर मोटर जरा हलून थांबत होती, पुढे जागाच नव्हती. ऑपरेटर तरुण, कामाचा. म्हणाला, "अण्णा, चित्र बसलंय की बरोबर, मग लेन्स चुकली कशी?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. चित्र चौकटीत बसलं होतं, फोकसही होता. कंपनीच्या लेन्सच्या तक्त्यात बसणं आणि चांगल्या जागी बसणं यातला फरक त्याला कुणी दाखवला नव्हता.

मशीन इतकं मागे का ठेवलं, असं विचारलं. लॅपटॉप आणि साऊंडचा कंट्रोल बाल्कनीत होता आणि त्यांच्याकडची एचडीएमआय केबल १५ मीटरची. केबल जिथे पोचते तिथे मशीन, हा आपल्याकडचा अलिखित नियम. पाहुण्यांच्या डोक्यावर मशीन नको हेही कारण होतं, आणि ते रास्त होतं.

आम्ही हॉलच्या मधल्या खांबाला ट्रसचा तुकडा बांधून मशीन वर चढवलं, ४५ फुटांवर. सेफ्टी वायर दोन ठिकाणी, कारण खाली माणसं जेवायला बसणार. ४५ भागिले १६, म्हणजे २.८. तीच लेन्स, पण आता वाइडच्या जवळ. केबलच्या जागी कॅट ६ ची वायर आणि दोन्ही टोकांना एचडीबेसटीचे, म्हणजे असल्या वायरवरून चित्र लांब नेणारे, डबे लावले. त्यावर फुल एचडी चित्र १०० मीटरपर्यंत जातं, त्यामुळे केबलचा प्रश्नच मिटला. पुन्हा नऊ ठिकाणी मोजलं. आधीच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश लक्स जास्त, आणि त्यातला थोडा भाग केबिनची काच मधून गेल्याचा. तो पोरगा शिडीवरून पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दिवा तोच ना?" दिवा तोच, लेन्सही तीच.

मशीन पुढे आणताच आलं नसतं तर दुसरा उपाय होता. ४.४ ते ७ अशी लांब पल्ल्याची लेन्स मागवायची. साडेचारला ती आपल्या वाइड टोकाशी काम करते. एकच थ्रो रेशो दोन लेन्समध्ये बसत असेल तर ज्या लेन्सच्या वाइडजवळ तो येतो ती आधी बघा, हा माझा साधा नियम आहे. पण डोळे झाकून तो लावू नका. काही लांब लेन्सचा वाइडचाच एफ आकडा मोठा असतो. तेव्हा दोन्ही लेन्सचे आकडे शेजारी ठेवा. बऱ्याच कंपन्या आपल्या थ्रो कॅल्क्युलेटरमध्ये लेन्सनुसार आणि झूमनुसार प्रकाश किती टक्के राहतो तेही दाखवतात. मशीनचं मॉडेल आणि लेन्सचा नंबर टाकायला पाच मिनिटं लागतात. आणि गणित अगदी टोकाला बसवू नका. तक्त्यातल्या अंतरात काही टक्क्यांचा फरक चालतो, असं कंपन्या स्वतःच लिहितात. आयत्या वेळी पडदा फूटभर मागे सरकला की चित्र कडेला सांडतं.

मल्टिप्लेक्सची डिजिटल सिनेमा मशीनं वेगळी. तिथे काही मशीनना दोन प्रकारच्या लेन्स मिळतात, जास्त काँट्रास्टच्या आणि जास्त उजेडाच्या. जुनी सिनेमाची मशीनं आता सभागृहांत येऊ लागली आहेत, घेताना कोणत्या प्रकारची लेन्स सोबत आहे ते नक्की विचारा.

चारही कोपरे सारखे नाहीत

आत्तापर्यंत सगळं चित्र मंद असल्याचं बोललो. कधी मधला भाग चांगला असतो आणि एखादा कोपरा किंवा एक बाजू काळवंडते. नऊ आकडे लिहून घेण्याचा खरा उपयोग इथे होतो. एका कोपऱ्याचा आकडा मधल्या आकड्याच्या निम्म्याखाली असेल तर लेन्स शिफ्टकडे बघा.

शिफ्ट म्हणजे मशीन न वाकवता चित्र वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणं. सोय चांगली आहे, पण तिला मर्यादा आहे. लेन्समधून बाहेर पडणारं प्रकाशाचं वर्तुळ ठरावीक आकाराचं असतं. चित्र त्या वर्तुळाच्या काठाला नेलं की कोपऱ्यातला प्रकाश कापला जातो. उभी शिफ्ट पूर्ण वापरली तर आडवी जवळजवळ उरतच नाही, हे तक्त्यात छोट्या आकृतीत दाखवलेलं असतं आणि कुणी ती आकृती बघत नाही. मशीन पडद्याच्या मध्यरेषेवर आणता येत असेल तर आणा, दोन फूट सरकवल्यानेही फरक पडतो. लेन्स नुकतीच बदलली असेल तर मेनूतून लेन्स कॅलिब्रेशन चालवा. ते न केल्याने शिफ्टचा मध्य चुकलेला मी पाहिलाय, आणि लोक कोपरा पडद्याच्या कापडाचा दोष समजत होते.

कीस्टोनचं दुखणं वेगळं. मशीन वरून तिरकं मारायचं आणि चित्राचा पतंग झाला की रिमोटवरून सरळ करायचा, ही सवय घराघरातून हॉलमध्ये आली आहे. डिजिटल कीस्टोन चित्र सरळ करतो तो चिपचा काही भाग बंद करून. चित्राची एक बाजू दुसरीच्या ८० टक्के केली तर चिपचा किमान दहावा भाग गेला, आणि आकार टिकवायला उंची कमी करावी लागते, त्यात आणखी जातो. अक्षरांच्या कडाही खरबरीत होतात. शिफ्ट असताना कीस्टोन शून्यावर ठेवा. फार गरज लागली तर चिमूटभर.

शॉर्ट थ्रो आणि मागून मारलेलं चित्र

स्टेजमागे जागा कमी असते, म्हणून मागून प्रोजेक्शन करताना शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र पाडणारी, लेन्स मागवली जाते. मग तक्रार उलटी येते: "मधोमध गोळा चमकतो आणि कडा काळ्या." इथे लेन्स उजेड खाते असं नाही, ती तो चुकीच्या दिशेला पाठवते. थ्रो रेशो ०.८ असलेल्या लेन्सने चित्राच्या कडेला जाणारा किरण मध्यापासून जवळपास ३२ अंशांनी तिरका जातो. २.० च्या लेन्सने तो १४ अंशच तिरका असतो. मागून मारण्याचा पडदा प्रकाश जास्त करून सरळ रेषेत पुढे सोडतो, त्यामुळे तिरके आलेले किरण प्रेक्षकांच्या बाहेर, भिंतीकडे निघून जातात. डावीकडे बसलेल्याला उजवी कड मेलेली दिसते आणि उजवीकडच्याला डावी.

समोरून मारतानाही जास्त गेनचा, म्हणजे प्रकाश एका दिशेला एकवटून परतवणारा, पडदा असेल तर हेच होतं. १.८ गेनचा चमकदार पडदा आकर्षक वाटतो, पण तो उजेड तयार करत नाही, कडेच्या प्रेक्षकांचा काढून मधल्यांना देतो. आपली सभागृहं रुंद असतात, बायका-मुलं कडेच्या रांगांत बसतात. तिथे साधा मॅट पांढरा पडदाच बरा, असं माझं ठाम मत आहे. मागून मारायचं असेल तर शक्य तितकी मोठी थ्रो असलेली लेन्स वापरा आणि जागा नसेल तर आरसा लावून किरण वळवा. आरसा समोरच्या बाजूने मुलामा दिलेलाच हवा. घरातल्या आरशाने दुहेरी चित्र येतं.

आरशाची अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेन्स, जी ०.४ च्या खाली जाते, ती मोठ्या मशीनवर लावली तर उजेडात चांगलीच घट येते. किती ते मॉडेलनुसार बदलतं, तक्ता बघितल्याशिवाय आयोजकाला शब्द देऊ नका.

लेन्सपुढची काच आणि लेन्सवरचा हात

केबिनच्या खिडकीला बहुतेक ठिकाणी साधी खिडकीचीच काच बसवलेली असते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे एका काचेत ८ टक्के. दोन काचा असतील, आवाज अडवायला म्हणून लावतात, तर १५ टक्के गेले. वर हिरवट झाक. परावर्तन थांबवणारा मुलामा दिलेली काच मिळते, तिच्यात एक-दोन टक्केच जातात. तोपर्यंत कार्यक्रमापुरती खिडकी उघडी ठेवा. चित्राशेजारी एक फिकी दुसरी प्रतिमा दिसत असेल तर ती काच लेन्सला समांतर आहे, थोडी तिरकी बसवून घ्या.

लेन्सवर बोटांचे ठसे आणि धुळीचा थर असेल तर उजेडापेक्षा काँट्रास्ट जास्त मरतो, काळा रंग दुधाळ होतो. मंडपात एका दिवसात हा थर बसतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्ससाठीचं मायक्रोफायबर कापड. खांद्यावरचं उपरणं नको आणि सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असला तरी नको. धुळीचे कण त्यात अडकतात आणि लेन्सवरचा मुलामा ओरखडून काढतात. एकदा ओरखडा पडला की तो कायमचा.

सुरुवातीला झक्क, नंतर मंद

चित्र पहिली वीस-पंचवीस मिनिटं चांगलं आणि मग हळूहळू उतरत जातं, असं असेल तर लेन्सला हात लावू नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, पत्र्याच्या मंडपात वर, ट्रसजवळ, त्याहूनही जास्त. बरीच लेझर मशीनं ठरावीक तापमानाच्या पुढे स्वतःचा उजेड आपोआप कमी करतात, म्हणजे बंद पडायला नको. फिल्टर झाडा, मागच्या जाळीसमोर कनात लागली असेल तर ती हटवा, इको मोड चुकून लागला नाही ना ते पाहा. मशीनच्या स्टेटस पानावर आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

दिव्याकडे कधी वळायचं

मशीन मध्यरेषेवर, झूम वाइडजवळ, कीस्टोन शून्य, काच बाजूला, लेन्स पुसलेली, मोड उजळ. इतकं करून पुन्हा नऊ ठिकाणी मोजा आणि ल्युमेन काढा. चिपची वाया गेलेली पट्टी आणि तक्त्यातली लेन्सची घट धरून जो आकडा यायला हवा त्याच्या ८० टक्क्यांच्या आसपास आलात तर मशीन निरोगी आहे, आणि पडदा अजून अपुरा वाटत असेल तर तो मोठा आहे किंवा हॉल उजळ आहे. आकडा निम्म्याजवळ असेल तर दिवा. साध्या दिव्याचं आयुष्य कंपनी सांगते ते उजेड निम्मा होईपर्यंतचं असतं. लेझरचे २०,००० तासही बहुतेक मशीनमध्ये त्याच अर्थाने लिहिलेले असतात. तेव्हा "अजून तास शिल्लक आहेत" याचा अर्थ "उजेड पूर्ण आहे" असा होत नाही.

मशीनवाल्याला फोन करताना तासांच्या पानाचा फोटो, लेन्सचा नंबर, लेन्सपासून पडद्याचं अंतर, चित्राची रुंदी आणि शटर उघडं-बंद असे दोन्ही वेळचे नऊ-नऊ आकडे एकदमच पाठवा. त्यावरून तो पुण्याहून दिवा पाठवायचा की लेन्स, हे त्याच फोनवर ठरवू शकतो, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हातात असते.